गडचिरोली : पावसाळ्यात बेट होणारा जिल्हा

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

गेल्या वर्षी भूगोलाच्या तासाला सर अंदमान-निकोबार शिकवीत होते. फळ्यावर तीन मथळे होते : भूरचना, लोकसंख्या, राज्यकारभार. बोलता बोलता सरांनी 'बेट' या शब्दाची व्याख्या विचारली. सगळ्या वर्गाने एका सुरात सांगितले, "चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग." मागच्या बाकावरून मी म्हणालो, "सर, मग आमचे भामरागडही जुलैत बेटच असते." वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "मग याच तीन मथळ्यांखाली तुझ्या बेटाची माहिती लिहून आण." प्रस्तुत लेख म्हणजे ती उशिरा पूर्ण केलेली गृहपाठाची वही होय.

आधी माझा अधिकार सांगतो. आमचे मूळ गाव ब्रह्मपुरीकडचे. परंतु वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आणि त्यांच्या नोकरीची बरीच वर्षे पर्लकोटा नदीच्या पलीकडच्या गावांत गेली. माझे पहिली ते चौथीचे शिक्षण तिथेच झाले. तेव्हा पुढे जे लिहिले आहे त्यातले काही पुस्तकातले आहे आणि काही दारातून पाहिलेले आहे.

अंदमान-निकोबारचे क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३,८०,५८१ आणि घनता दर चौरस किलोमीटरला ४६. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ चौपट. लोकसंख्या १०,७२,९४२ आणि घनता ७४. शेजारच्या चंद्रपूरची घनता १९३ आणि सबंध महाराष्ट्राची ३६५. घनतेच्या दृष्टीने आमचा जिल्हा महाराष्ट्रापेक्षा अंदमानला अधिक जवळचा आहे, हे पाहून मला स्वतःलाच आश्चर्य वाटले. दोन्हीकडे जमिनीचा फार मोठा भाग जंगलाखाली. दोन्हीही उष्ण कटिबंधात.

आता पाण्याकडे वळू. जिल्ह्याच्या पश्चिमेला वैनगंगा. चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते आणि तिथून पुढे दोघींचे नाव प्राणहिता होते. प्राणहिता दक्षिणेला सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. पलीकडच्या काठावर कालेश्वराचे देऊळ. आग्नेयेला इंद्रावती बस्तरची सीमा आखीत येते आणि सोमनूरजवळ गोदावरीत उतरते. याप्रमाणे तीन बाजूंना मोठ्या नद्या आणि चौथ्या, पूर्वेच्या बाजूला टिपागड, सुरजागड, भामरागड या डोंगरांच्या रांगा व त्यांमागे छत्तीसगडचे जंगल, असा हा प्रदेश आहे.

पण खरी अडचण सीमेवरच्या नद्यांची नाही, आतल्या नद्यांची आहे. गाढवी, खोब्रागडी, कठाणी, पोर, दिना या नद्या पूर्वेच्या डोंगरातून निघून पश्चिमेकडे वैनगंगा-प्राणहितेला मिळतात. जिल्ह्याचा मुख्य रस्ता मात्र वडसा, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, सिरोंचा असा उत्तर-दक्षिण जातो. म्हणजे रस्त्याला प्रत्येक नदी आडवी येते! कागदावर एक रेघ उभी ओढावी आणि तिला पाच-सहा आडव्या रेघांनी कापावे, तसे हे चित्र आहे. मध्ये कुठेही एका पुलावरून पाणी गेले की खालचा सगळा भाग तुटतो. एका बेटाऐवजी एका जिल्ह्याची चार-पाच बेटे होतात, आणि त्यांचा आकार दररोज बदलतो.

भामरागडची गोष्ट याहूनही निराळी आहे. तिथे पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांचा संगम आहे. पुष्कळांना वाटते की भामरागडात जोराचा पाऊस झाला म्हणजे पूर येतो. तसे नेहमी नसते. पाऊस वर छत्तीसगडात पडतो, इंद्रावती फुगते, आणि तिने तोंड अडविल्यामुळे पर्लकोटेचे पाणी पुढे जाऊ शकत नाही, ते मागे तुंबते. कोरडे ऊन पडलेले असताना बाजारपेठेत पाणी शिरलेले मी लहानपणी पाहिले आहे. दुकानदार आकाशाकडे बघत नाहीत, नदीचा रंग बघतात. गढूळ पाणी संथ झाले, वरून येणारी काटकी-कचरा जागच्या जागी फिरू लागला, की पोती वर उचलायला सुरुवात होते. २०१९ च्या पावसाळ्यात असे पुन्हा पुन्हा घडले, गाव अनेकदा बुडाले. हेमलकशाकडून येताना लागणारा पर्लकोटेचा जुना पूल ठेंगणा, आणि तिथे उंच पूल बांधण्याचे काम फार उशिरा हाती घेतले गेले.

दक्षिणेला सिरोंच्याची तऱ्हा तशीच, फक्त नद्या मोठ्या. १९८६ च्या ऑगस्टातील गोदावरीचा महापूर तिथली जुनी माणसे अजून सांगतात. जुलै २०२२ मध्ये नव्या पिढीलाही तो अनुभव आला. खाली पोचमपल्लीसमोर २०१९ साली मेडीगड्डा बंधाऱ्याचे उद्घाटन झाले. तेव्हापासून सिरोंचा तालुक्यातील शेतकरी वरच्या पुराबरोबर खालच्या फुगवट्याचाही हिशेब करतात. आणि उत्तरेला भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरणाची दारे उघडली की वैनगंगेकाठची गावे पाणी पोहोचण्याची वाट पाहत बसतात. आमच्या जिल्ह्याचे पाणी दुसऱ्याच्या जिल्ह्यात, नव्हे दुसऱ्याच्या राज्यात ठरते.

इथे इतिहासातील एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आज ज्या नद्या आपल्याला भिंतीसारख्या वाटतात त्यांना एकेकाळी राजरस्ता करण्याचा घाट घातला गेला होता. सर आर्थर कॉटन या इंजिनिअराची योजना अशी की, गोदावरी, प्राणहिता, वर्धा या मार्गाने वऱ्हाड-नागपूरचा कापूस नावांतून थेट पूर्व किनाऱ्यावर न्यावा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. दुम्मागुडेम हा पहिला, एंचमपल्ली हा दुसरा, आणि तिसरा आपल्या अहेरी तालुक्यातील देवलमरीजवळ प्राणहितेत. कालवे आणि झडपा बांधून ते ओलांडायचे होते. परंतु १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली. कापसाला सोपी वाट मिळाली आणि १८७१ साली हे काम सोडून देण्यात आले. त्यानंतर या नद्यांकडे वाट म्हणून फारसे कोणी पाहिले नाही.

राज्यकारभाराचा इतिहास याच गोष्टीशी जोडलेला आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर १८५४ साली चांदा जिल्हा झाला. १८६० च्या तहाने निजामाकडून गोदावरी-प्राणहितेच्या डाव्या तीरावरचा मुलूख इंग्रजांना मिळाला आणि त्याचा 'अपर गोदावरी' नावाचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. त्याचे मुख्य ठाणे कोणते? सिरोंचा! आज जे गाव जिल्ह्याच्या शेवटच्या टोकाला आहे, तिथे दीडशे वर्षांपूर्वी जिल्ह्याची कचेरी होती. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला. भद्राचलमकडचा भाग मद्रास इलाख्यात गेला, सिरोंचा चांद्याला जोडले गेले. १९०५ साली जमीनदाऱ्यांचा मुलूख एकत्र करून गडचिरोली ही नवी तहसील झाली. १९०७ मध्ये सिरोंच्याचे चेर्ला, अलबाका, नुगूर हे भागही मद्रासकडे गेले. एका तेलुगू मुलखाचे तुकडे होऊन ते दोन-तीन प्रांतांत वाटले गेले. म्हणूनच सिरोंच्यात आजही घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि सोयरीक नदीपलीकडे, असा प्रकार आहे.

मधल्या काळात या जंगलात खरा अंमल जमीनदारांचा होता. त्यांत अहेरीची जमीनदारी सर्वांत मोठी. १८५८ साली मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. १९५१ मध्ये जमीनदाऱ्या गेल्या. १९५६ साली जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. पुढे चांद्याचे चंद्रपूर झाले. एवढ्या उलाढाली झाल्या तरी पर्लकोटेपलीकडच्या माणसाला साहेब बदलल्याचे कळायला दिवाळी उजाडावी लागे.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. तोपर्यंत या सबंध प्रदेशात गडचिरोली आणि सिरोंचा ही दोनच तहसिलीची गावे होती. आज बारा तालुके आहेत. विभाजनाचा हेतू स्वच्छ होता. एवढ्या मोठ्या, जवळजवळ २६ हजार चौरस किलोमीटरच्या जिल्ह्याचा कारभार चंद्रपुरातून होणे अशक्य होते. कचेरी लोकांच्या जवळ न्यावयाची होती.

ती गेली का? उत्तरेकडच्या लोकांच्या बाबतीत निःसंशय गेली. धानोरा, कुरखेडा, कोरची येथील माणसाची वैनगंगा ओलांडून चंद्रपूर गाठण्याची यातायात वाचली. परंतु मी नकाशावर दोरा ठेवून दक्षिणेचे अंतर मोजले तेव्हा निराळेच दिसले. आलापल्लीहून चंद्रपूरला गोंडपिपरीमार्गे जावे की चामोर्शीमार्गे गडचिरोलीला, अंतर जवळजवळ सारखेच पडते. दोन्ही वाटा आष्टीला फुटतात. भामरागड, एटापल्ली, अहेरी, सिरोंचा यांना १९८२ ने कचेरी जवळ आणून दिली नाही, तिची दिशा बदलून दिली. फार तर आष्टीचा वैनगंगेचा पूल ओलांडणे वाचले. सिरोंच्याच्या माणसाला आजही जिल्ह्याच्या ठिकाणी जायला दोनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा लागतो. अहेरीला अपर जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी झाली आहे, पण पुष्कळशा कामांचा शेवटचा शिक्का गडचिरोलीतच बसतो. अहेरी हा वेगळा जिल्हा व्हावा ही मागणी त्यामुळेच वरचेवर निघते.

लोकसंख्येबद्दल आता थोडक्यात लिहितो, कारण सरासरीचे आकडे इथे फसवे आहेत. १९८१ मध्ये या भागात सुमारे ६ लाख ३७ हजार लोक होते, तीस वर्षांत ते पावणेअकरा लाखांच्या घरात गेले. शेकडा ३८.७ अनुसूचित जमातींचे. परंतु देसाईगंजसारख्या रेल्वे असलेल्या, भाताच्या गिरण्यांच्या आणि झाडीपट्टीच्या नाटकांच्या तालुक्यात हे प्रमाण अगदी कमी आहे. भामरागड-एटापल्लीत मात्र दहांपैकी सुमारे आठ माणसे आदिवासी, आणि त्यांत माडिया अधिक. साक्षरता ७४.३६ टक्के, राज्याच्या ८२.३४ टक्क्यांहून कमी. दर हजार पुरुषांमागे ९८२ स्त्रिया, राज्यात ९२९. हा एक आकडा असा की ज्यात आम्ही मागासलेले नाही, पुढारलेले आहोत. शहरात राहणारे शेकडा अकराच.

भाषा मात्र मोजाव्या तितक्या. मराठी (तीही झाडीबोलीच्या ढंगाची), गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगडी, हिंदी आणि बंगाली. बंगालीचे नवल वाटेल. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना १९६० नंतरच्या काळात चामोर्शी-मुलचेरा भागात वसविण्यात आले. विवेकानंदपूर, सुंदरनगर ही गावांची नावेच त्याची साक्ष देतात. याच निर्वासितांतील काही कुटुंबांना सरकारने त्याआधी अंदमानला पाठविले होते. फळ्यावरच्या त्या दूरच्या बेटाचे आणि आमच्या मुलचेऱ्याचे असे खरोखरच नाते आहे.

आता राज्यकारभार. माझ्या मते सरकारने हा जिल्हा बेट असल्याचे केव्हाच ओळखले आहे, फक्त तसे म्हणत नाही. पुरावा द्यायचा तर नवसंजीवनी योजना पाहा. १९९५ पासून पावसाळ्यापूर्वीच, संपर्क तुटणाऱ्या गावांच्या रेशन दुकानांत पुढच्या महिन्यांचे धान्य भरून ठेवतात. जहाज सुटण्यापूर्वी शिधा भरावा तसेच हे. मे महिन्यात ट्रकांची रांग लागायची, आणि आम्ही मुले पोती मोजत बसायचो. दुसरा पुरावा माहेरघराचा. दुर्गम गावातील गरोदर बाईला दिवस भरण्याआधीच प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवायचे, म्हणजे ऐनवेळी नाला आडवा येऊ नये. योजनेला नाव देणाऱ्या माणसाला मी मनोमन नमस्कार करतो. तिसरा पुरावा निवडणुकीचा. मतदान पथके हेलिकॉप्टरने पोचवावी लागतात आणि मतदान दुपारी तीन वाजता थांबवावे लागते. यात अर्थात केवळ पाण्याचा दोष नाही. १९८० नंतर या जंगलात नक्षलवादी चळवळ आली, रस्ते आणि पूल रखडले, दोन्ही बाजूंच्या बंदुकांमध्ये गावे सापडली. एटापल्ली तालुक्यातील गट्टा-वांगेतुरी भागात एस.टी. बस पहिल्यांदा धावली ती १ जानेवारी २०२५ रोजी.

धान्याचे आणि बाळंतिणीचे वेळापत्रक नदीप्रमाणे बदलले, मग कागदांचे का बदलत नाही, हा माझा प्रश्न आहे. तो मला का पडला ते सांगतो. चौथीपर्यंत माझ्या बाकावर बसणारा माझा एक माडिया मित्र पुढे आश्रमशाळेत शिकला आणि बारावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. त्याला पुढील शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. फक्त एक दाखला हवा होता. तो तयार होऊन एका कचेरीत पडलेला होता, कचेरी नदीच्या त्या बाजूला आणि हा या बाजूला. पूल पाण्याखाली. अर्ज आता संगणकावर भरता येतात असे कोणी म्हणेल. पण पूर आला की आधी वीज जाते, विजेमागोमाग मोबाईलचा टॉवर जातो. पाणी उतरल्यावर तो डोंग्यातून पलीकडे गेला, चिखल तुडवीत कचेरीत पोहोचला, दाखला हाती घेतला. तेव्हा प्रवेशाची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती. कोणी त्याच्याशी वाईट बोलले नाही. "मुदत वाढविणे आमच्या हाती नाही," एवढेच ऐकायला मिळाले, आणि ते खरेही असावे. त्या हिवाळ्यात तो गावातल्या इतरांबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेला. वर्ष गेले. दुसऱ्या वर्षी त्याने पुन्हा अर्ज केला, तो मे महिन्यातच सगळे कागद पिशवीत घालून. आज तो शिकतो आहे. पण त्याच्याबरोबर मिरचीला गेलेले दोघे परत शाळेकडे वळले नाहीत.

कारभार माणसापर्यंत जाऊ शकतो याचेही उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातील पहिल्या गावांपैकी ते एक. बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचे पुस्तक २७ एप्रिल २०११ रोजी ग्रामसभेच्याच हाती देण्यात आले. केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्यासाठी गावात आले होते. जो शिक्का घेण्यासाठी पूर्वी वनखात्याच्या दारात उभे राहावे लागे, तो शिक्काच गावात आला. जिल्ह्याचा मोठा भाग पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्र आहे, १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, ग्रामसभेला अधिकार आहेत. तेव्हा ग्रामसभेच्या ठरावावर एखादा दाखला गावातच का मिळू नये, याचा विचार राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी करावा. मी भूगोलाचा.

भूगोलाचा विद्यार्थी म्हणून माझे मत एवढेच की, अहेरी जिल्हा झाला तरी भामरागडपासून तो पर्लकोटेच्या अलीकडेच राहील. कचेऱ्या वाढवून नदी हटणार नाही. त्यापेक्षा सोपी गोष्ट अशी की, जून ते सप्टेंबरमधील प्रवेश, शिष्यवृत्ती आणि भरती यांच्या मुदतींत, तालुक्याचा मुख्य पूल जितके दिवस बंद राहिला तितके दिवस आपोआप वाढवून द्यावेत. पूल कधी बंद झाला आणि कधी उघडला याची नोंद तालुक्यात होतच असते, पूरनियंत्रणासाठी ती वर जाते. तीच नोंद प्रवेशाच्या टेबलावर ठेवायची आहे.

माझ्या वडिलांनीही अशी नोंद ठेवली आहे. शाळेच्या हजेरीसाठी, कारण पूल बंद असला की पलीकडची मुले गैरहजर लागत आणि नंतर त्याचे कारण द्यावे लागे. दरवर्षी एक पातळ डायरी, त्यात तारीख आणि समोर दोनच शब्द, 'पूल बंद', किंवा 'पूल सुरू'. कुठे कुठे शाई पाण्याने पसरली आहे, बाकी सगळे वाचता येते. विभागातील कोणाला या विषयावर पुढे काम करायचे असल्यास त्या डायऱ्या माझ्या वसतिगृहाच्या खोलीत, खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत आहेत.